न कळवता झालेली तपासणी

गोदावरीकाठी, पुणतांब्याच्या पलीकडे आमचं गाव. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. देऊळ म्हटल्यावर महारवाड्यातल्या पोरांना आत कोण घेणार? ती बाहेर पायरीवर बसत. ऊन असो, पाऊस असो, पायरी. त्यांत गावच्या भाकरीवर वेस राखणाऱ्या वेसकराची एक मुलगी होती. मास्तरांनी गणित घातलं की ती ते सोडवून पाटी पायरीच्या कडेला ठेवायची आणि मागे सरकून उभी राहायची. मास्तर उंबऱ्यातून वाकून वाचत, चुकलं असेल तिथे छडीचं टोक टेकवत. पाटीला हात लावायचा नाही. असलं ते शिकणं. पण होत होतं.

वर्षातून एकदा दिपोटी येत, म्हणजे शाळा तपासणारे साहेब. आधी सांगावा यायचा. मग सारवण, दाराला आंब्याचे डहाळे, पाटलांकडे पुरणाचा स्वयंपाक, आणि महारवाड्यात निरोप: उद्या पोरं पाठवू नका. पायरी धुऊन निघायची. दिपोटी ती धुतलेली पायरी चढून आत जात, कविता ऐकत, जेवत, आणि शाळा उत्तम म्हणून शेरा मारून टांग्यात बसत. पुरण पचलं की तपासणी झाली.

या ढोंगावर मी पत्रक काढलं. कॉलेज सोडून नुकताच चळवळीत पडलो होतो. मागणी साधी होती: तपासणी न कळवता करा, आणि बाहेर बसवलेलं मूल दिसलं तर जाब विचारा. बाजाराच्या दिवशी उभा राहून पत्रकं वाटली, घसा बसेपर्यंत बोललो. मी एकटा नव्हतो, गावोगाव हीच ओरड होती. अखेर वरून हुकूम आला. दिपोटी आता न सांगता येणार, आणि मूल बाहेर सापडलं तर मास्तरांची बदली, शाळेची ग्रँट बंद. आम्ही पेढे वाटले.

लगेचच पायरी रिकामी झाली. मला वाटलं, पोरं आत गेली. आत डोकावलो तर तिथेही नव्हती. मास्तरांना विचारलं, ते फळा पुसत राहिले. उत्तर पारावर पाटलांनी दिलं.

"अवो पुढारी, आदी सायेब कंच्या दिवशी येनार ते कळायचं. तेवढा येक दिस पोरं घरी ऱ्हायची. आता दिसच कळंना. मग रोजच घरी ठिवाया नगंत व्हय?"

पारावरची मंडळी हसली. कोणीतरी म्हणालं, पुढाऱ्यांना आणखी एक पत्रक काढू द्या.

दिपोटी आले ते खरोखरच न कळवता, सायकलवरून. पायरी स्वच्छ, मुलं एका रांगेत. शेरा लिहायला टेकले तेव्हा मी आडवा गेलो. म्हटलं, माझ्याबरोबर महारवाड्यात चला, शाळेत कोण नाही ते बघा. ते चिडले असते तर भांडता तरी आलं असतं.

"मी शाळा तपासतो," ते शांतपणे म्हणाले. "शाळेत जे नाहीतच त्यांचं मी काय तपासू?"

शाळा उत्तम. सायकल पुढच्या गावाला गेली.

संध्याकाळी मी वेसकराच्या दारात गेलो. उद्या मुलीला घेऊन चला, आपण तिला आत बसवू, असं आवेशात सांगितलं. त्यानं घोंगडी टाकली, मला बसवलं. म्हणाला, गावानं भाकर बंद केली तर खायचं काय, ते पत्रकात लिवलंय का? मग तो हळूच म्हणाला, "दादा, पायरी हुती. तुमी ती बी घालवली."

हुकूम माझा नव्हता, पाटीलकी माझी नव्हती. हे त्याला सांगून काय उपयोग?

मुलगी अंगणात गवऱ्या थापत होती. तिला विचारलं, पाढे कुठवर येतात. तिनं हात न थांबवता सतराचा घडाघड म्हटला. मी म्हटलं, अठराचा म्हण.

"त्यो सोमवारी सांगनार हुते मास्तर," ती म्हणाली, आणि शेणाचा पुढचा गोळा घेतला.