गोधडीच्या खोळीतला लॅपटॉप

विंझरमध्ये अशी बोलवा आहे की सगुणाबाई सुनेला चहाचा घोटही घेऊ देत नाहीत. "ती बिचारी मान मोडून काम करती, आन् सासू हातातला कप हिसकावती," असं बायका नळावर सांगतात.

कप हिसकावतात हे खरं. चहा मिळत नाही हे खोटं. चहा मिळतो, पण उंबऱ्याबाहेर, ओट्यावर. लॅपटॉप आत, चहा बाहेर.

याला कारण सगुणाबाईंचे सख्खे भाऊ, कुंडलिकमामा. मागं त्यांनी मिटलेला लॅपटॉप ट्रे समजून त्यावर भरलेला कप टेकवला, आणि बोलण्याच्या भरात हात उडवला. चहा फटीतून आत मुरला. कंपनीनं सुनेला, सोनियाला, दुसरा लॅपटॉप दिला, पण बजावलं: हा बिघडला तर घरून काम बंद, रोज पुण्याच्या ऑफिसात. म्हणजे सून आणि नात पुण्याला, मुलगा कायम टेम्पोवर, आणि सगुणाबाईंच्या सोबतीला टीव्ही.

मग त्यांनी जुन्या गोधडीची खोळ शिवली. वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून भिंतीकडेनं खिळ्यांवरून नेली. सोनिया लॅपटॉप मिटायला लागली की सगुणाबाई चुलीपासून ओरडणार, "आदी हात फिरव! पेन ऱ्हायलं तर काच तडकंल!"

शेजारचे नकल्ये, म्हणजे अस्मादिक, हे सगळं पदर खोचल्यागत करून, नाकातून आवाज काढून दाखवायचे. आळी लोळायची. नातीच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी अस्मादिक म्हणाले, "आजी, उद्या घर भरून पाव्हणं. त्यात कुंडलिकमामा. लॅपटॉप काय वाचत न्हाई."

"लाव पैज. वाचला तर दिवाळीपतुर माजी नक्कल तोंडातनं काढायची न्हाई."

"आन् बुडाला तर?"

"तर रोज कर की. घरात हसायला मी एकलीच आसंन."

दुसऱ्या दिवशी शिलाई मशीनवरची ती खोळ जो तो बोटानं टोचून बघत होता. "ह्योच का त्यो?" कुंडलिकमामा सरबताचा पेला घेऊन आले. "अक्का, म्या लांबनंच बघतो हां," म्हणाले, आणि लांबून बघता बघता त्यांचा पाय फुग्यावर पडला. फट्! सरबत थेट खोळीवर. सोनिया किंचाळली. अस्मादिकांनी नाकात आवाज तयार केला.

सगुणाबाई सावकाश उठल्या. खोळ सोडली. आतून जेवायचा लाकडी पाट निघाला.

"धुवायचाच हुता," त्या म्हणाल्या.

लॅपटॉप पलंगाखालच्या ट्रंकेत होता, लुगड्यांच्या घडीत.

"आई, मला तरी सांगायचं!" सोनिया म्हणाली.

"तू सारकी ट्रंकंकडंच बगत बसली आसतीस. जपायची वस्तू म्हटली की मानसं तिलाच हात लावत्यात. लावू द्या म्हटलं."

सोमवारी सोनिया रोजच्यासारखी कामाला बसली. चहा ओट्यावर.

दिवाळी अजून लांब आहे. अस्मादिकांचं तोंड बंद आहे. लिहायचं नाही, असं मात्र पैजेत कुणी म्हटलं नव्हतं.