शिंपीणबाईंचे कान

बावीस वर्षं मी लोकांचे कान बघत आलोय. माझ्या स्टुडिओत नवरा-नवरी येत नाहीत की मॉडेल येत नाहीत. येतात ते अर्ज भरणारे. पांढरा पडदा, उंच स्टूल, हनुवटी जरा खाली, दोन्ही कान दिसू द्या, हसू नका. गिऱ्हाईक हसलं की काम बिघडतं, असा हा धंदा. कुणी विचारलं तर 'नुसता फोटोवाला' एवढंच सांगायचो. मनातून मात्र मी स्वतःला मोठा कलावंत समजत होतो. आड येत होता तो फक्त जुना कॅमेरा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

म्हणून फुल-फ्रेम कॅमेरा आमच्यासारख्यांना परवडेल असा निघाला, तेव्हा दुकान उघडायच्या आधीच मी दारात हजर. फुल-फ्रेम म्हणजे आतला प्रकाश टिपणारा तुकडा जुन्या रिळाच्या चौकटीएवढा. माझ्या आधीच्या कॅमेऱ्यात तो याच्या निम्माही नव्हता. स्वस्त करताना कंपनीनं कुठे हात आखडलाय ते तासाभरात कळलं. अंग प्लॅस्टिकचं, कार्डाला एकच खाच, डोळा लावायची खिडकी चिमुकली. पण मुठीत असा बसला की करंगळीलाही जागा मिळाली. त्यात आवाज न करता फोटो काढायची सोय होती, तिच्यावर तर मी भाळलोच. बायकोनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"चांगलाय," ती म्हणाली. "पण बसणार तर लोक त्याच स्टुलावर ना?"

मी उत्तर दिलं नाही. कलावंत देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून समोरच्या शिंपीणबाई आल्या. त्यांचा नवरा चार वर्षं परदेशात होता. आता कुठे त्यांना तिकडे बोलावून घ्यायची परवानगी मिळत होती. त्या अर्जाला फोटो हवा होता. मी दिवे विझवले, खिडकीचा उजेड घेतला आणि लेन्सचं भोक सताड उघडलं. कॅमेऱ्यानं डोळा आपला आपण पकडला. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा आला आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलं. मला भरून आलं.

फोटो कापताना बायको म्हणाली, "अहो, कान पुसट वाटतायत."

"त्याला खोली म्हणतात," मी तिला शिकवलं.

आठव्या दिवशी शिंपीणबाई कागद घेऊन दारात.

"दादा, माझे कान कुठे गेले?"

अर्ज परत आला होता. आज चारच्या आत नवा फोटो दिला तर ठीक, नाहीतर पुढची तारीख सहा महिन्यांनी. माझ्या तोंडचं पाणी पळालं, तरी जीभ काही थांबेना.

"त्याचं काय आहे ताई, मागचं विरघळलं की चेहरा उठून दिसतो..."

"दादा, चार वर्षं नवरा मला फोनच्या काचेत बघतोय. पुसट तर मी त्याला रोजच दिसते. तुम्ही मला कान द्या."

मी मुकाट्यानं फ्लॅशचे दिवे लावले. लेन्सचं भोक बारीक केलं, म्हणजे मागचे कानही स्पष्ट येतील. तीनदा बटण दाबलं, तीनदा फोटो काळा. त्या बिनआवाजाच्या सोयीत फ्लॅश उडतच नाही, असं माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं. ते बायकोनं वाचून दाखवलं. मी पुस्तिका उघडलीच नव्हती. मग सोय बंद केली आणि चौथ्यांदा दोन्ही कान आले, टोचलेल्या छिद्रांसकट.

लाजेखातर मी शिंपीणबाईंबरोबर अर्ज घेतात त्या ऑफिसात गेलो. माझे फोटो जिथे जातात ती जागा मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. खिडकीतल्या बाईंनी फोटो घेतला, भिंग लावलं, पट्टीनं हनुवटीपासून माथ्यापर्यंत मोजलं. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा शिंपीणबाईंकडे, पुन्हा फोटोकडे. माझं काम इतका वेळ आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"आहेत दोन्ही कान," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

"गेला ना पुढे? गेला ना?" असं विचारत शिंपीणबाई तिथेच रडायला लागल्या. त्यांना पाहून मीही रडलो, तेही रुमाल विसरून, बाहीत नाक पुसत.

रांगेतले एक आजोबा मला हळूच म्हणाले, "तुम्ही कोण त्यांचे?"

"फोटोवाला," मी म्हणालो. त्याच्या आधी 'नुसता' लावायचं त्या दिवशी पहिल्यांदाच राहून गेलं.