वस्तरेकाका आणि मोठ्या लोकांची आत्मचरित्रं

वस्तरेकाकांचं ठाम मत होतं की आत्मचरित्र पहिल्या पानापासून वाचणारा माणूस हमखास फसतो. आधी मधले फोटो बघायचे, आणि फोटोतही चेहरा नाही, केस बघायचे. चेहरा हवा तसा करता येतो. केस मात्र महिन्याला अर्धा इंचच वाढतात, मग तुम्ही कितीही मोठे असा.

चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यामागे उभं राहून मिळवलेलं हे ज्ञान त्यांनी कधी स्वतःजवळ ठेवलं नाही. काकू वाचनालयात कामाला होत्या. लोकांनी परत केलेली पुस्तकं कपाटात लावायच्या आधी त्या एखाददुसरं घरी आणत. काका ते सलूनमध्ये नेत, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचत आणि तिसऱ्याच्या गळ्याला वस्तरा लावून त्यावर मत सांगत. त्यामुळे त्यांच्या मताला आजवर कुणी विरोध केलेला नव्हता.

गेल्या महिन्यात त्यांनी एका फलंदाजाला निकालात काढलं. या गृहस्थाने लिहिलं होतं की संघातून वगळल्यावर तो तीन महिने अंधाऱ्या खोलीत पडून होता, आरशातसुद्धा बघितलं नाही. आणि समोरच्याच पानावर त्याच महिन्यातला फोटो, कल्ले काल कापल्यासारखे. दुःख झालं असेल, नाही कशाला म्हणा, पण कारागीर वेळेवर येत होता, असा काकांचा निष्कर्ष. मग आला एक गायक. मी अगदी सामान्य माणूस, असं त्याने तीनशे पानांत चाळीस वेळा सांगितलं होतं. काकांनी पेन्सिलीने खुणा करून मोजलं, त्याबद्दल काकूंची बोलणीही खाल्ली. सामान्य माणसाला हे सांगावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय या सामान्य माणसाने शेवटी आभार मानताना बायकोच्या आधी कुत्र्याचा नंबर लावला होता. आणि लहानपणी सगळेच्या सगळे अनवाणी. एवढ्या मोठ्या लोकांत एकाच्याही पायात चप्पल असू नये, याचं काकांना फार वाईट वाटे.

एका नटीवर तर ते खरोखर चिडले होते. तिने म्हणे भूमिकेसाठी संतापाच्या भरात स्वतःच्या हाताने केस कापले. काकांनी फोटोतली मान निरखून पाहिली. मागची रेघ सुतासारखी सरळ. स्वतःच्या मानेवर अशी रेघ कुणालाही घेता येत नाही, आम्हालाही नाही, हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला.

चढणारच. दोन गल्ल्या सोडून त्यांच्या थोरल्या भावाचं सलून होतं आणि वडील गेल्यापासून हे दोघे एकमेकांचे केस कापत आले होते. मग वडिलांची जुनी खुर्ची कुणाच्या दुकानात राहायची, यावरून वाजलं. खुर्ची अशी की मागे टेकलं की पुन्हा सरळ होत नसे, पण तिच्यापायी अकरा वर्षं बोलणं बंद. अकरा वर्षं दोन्ही भाऊ परक्या माणसाकडून केस कापून घेत होते आणि दोघांच्याही माना उंदराने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या.

हे संपलं ते एका पुस्तकामुळे. एका विनोदी नटाचं आत्मचरित्र होतं, बाकीचं सगळं काकांनी नेहमीप्रमाणे सोलून काढलं, पण सातव्या प्रकरणापाशी ते अडकले. त्यात तो नट वर्षानुवर्षं न भेटलेल्या भावाच्या दारात जातो, बेल वाजवतो, आणि भाऊ दार उघडून एवढंच म्हणतो, चप्पल बाहेर काढ. काकांनी पुस्तक मिटलं, भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि जाऊन भावाच्या खुर्चीत बसले. भावाने गळ्याभोवती कापड बांधलं, मान पुढे वाकवली आणि विचारलं की हा सत्यानाश कोणी केलाय. बस, मिटलं. तेव्हापासून सातवं प्रकरण शंभर टक्के खरं आहे, याची हमी काका येणाऱ्या-जाणाऱ्याला देत होते.

त्या सकाळी ही हमी एका गप्प गिऱ्हाइकाला मिळाली. हे गृहस्थ दर पंधरा दिवसांनी येत, डोळे मिटून बसत आणि मान हलवून जात. डावा गाल झाला होता, उजव्यावर फेस होता. बाकावर दोघे वाट बघत होते. काकांनी भावाची सगळी हकिकत सांगितली, आणि तेव्हा गृहस्थांनी डोळे उघडले.

"ते प्रकरण त्यांनी नाही लिहिलेलं," ते म्हणाले. "मी लिहिलंय."

वस्तरा हवेत थांबला. मग हळूहळू कळलं ते असं की मोठी माणसं चार संध्याकाळी यांच्यापुढे बोलतात आणि हे घरी बसून त्याची चारशे पानं करतात. फलंदाज यांचाच, गायकही यांचाच, कुत्रासुद्धा. नटाचं भावाशी कधी भांडण झालंच नव्हतं. पण प्रकाशकाला एक रडवणारं प्रकरण हवं होतं, म्हणून यांनी स्वतःच्या भावाचं घातलं.

काकांचा जीव भांड्यात पडला. नटाचं नसेना का, कुणाचं तरी खरं होतं. म्हणजे तुम्ही गेलात भावाकडे, असं त्यांनी विचारलं.

"दारापर्यंत गेलो," गृहस्थ म्हणाले. "बेल नाही वाजवली. पुढचं रचलंय. त्याला आता नऊ वर्षं झाली."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. चाळीस वर्षांत ज्यांना कुणी फसवलं नव्हतं ते काका एका न वाजवलेल्या बेलच्या भरवशावर भावासमोर मान वाकवून आले होते. त्यांना राग आला, खूप आला. मग डोक्यात आलं की भाऊ तर खरा होता, त्याचा हातही खरा होता, आणि या माणसाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. त्यांनी वस्तरा पुसला, मिटला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

"भावाचा नंबर आहे?"

"आहे. पण काका, हा गाल?"

"आधी फोन."

गृहस्थांनी आरशात पाहिलं. अर्धा माणूस स्वच्छ, अर्धा पांढरा. असा रस्त्यावर कसा जाऊ, असं त्यांनी विचारलं, तर काका म्हणाले की मग नका जाऊ, बसा. बाकावरच्या एकाने घड्याळ बघून सांगितलं की करा हो साहेब, मला ऑफिस आहे.

त्यांनी कापडाखालून हात काढला, बराच वेळ नंबर शोधला आणि फोन दाढी झालेल्या गालाला लावला. पलीकडचा माणूस म्हातारा आणि मोठ्याने बोलणारा असावा, सगळ्या दुकानाला ऐकू आलं.

"कोण?"

"मी," गृहस्थ म्हणाले. "धाकटा."

बाकावरच्याने घड्याळ झाकलं.

"थांब," आवाज आला. "ठेवू नकोस. चष्मा लावतो."

काकांनी ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला. उजव्या गालावरचा फेस पार ओघळून गेला होता.