शेवंतीचं चौथं नख

उद्धवराव परभणीकडचे. सर्कशीत वाघांचे पिंजरे धुवायचे. चौऱ्याहत्तर साली ती सर्कस चिंचवडच्या मैदानावर मोडली. हत्ती-घोडे विकले गेले, पण म्हाताऱ्या वाघिणीला, शेवंतीला, कुणी घेईना. शेवटी जवळच्या एका प्राण्यांच्या बागेनं तिला ठेवून घेतलं आणि तिच्याबरोबर उद्धवरावांनाही.

दोन वर्षांत शेवंती लंगडू लागली. पिंजऱ्यात ओरबाडायला लाकूड नाही. नखं वाढून वळली आणि तळव्यात रुतली. गुंगीचं औषध म्हातारीला झेपायचं नाही, असं गुरांचे डॉक्टर अनंत सबनीस म्हणाले.

"मग जागेपणीच कापा. मी शिकवतो तिला," उद्धवराव म्हणाले. डॉक्टर हसले.

सात महिने लागले. आधी नुसतं गजांशी येऊन बसणं. मग खालच्या फटीतून पंजा बाहेर काढून फळीवर ठेवणं. ठेवला, की काठीच्या टोकाला मांसाचा तुकडा. मागे घेतला, तर रागवायचं नाही, उद्या पुन्हा. शेवटी पंजाला नखं कापायच्या चिमट्याचं थंड लोखंड लागलं, तरी ती तशीच पडून राहू लागली.

कापायच्या दिवशी तीन नखं सुखानं निघाली. डॉक्टरांना निगडीला जायची घाई होती. चौथं त्यांनी पार मुळाशी धरून कचकन दाबलं. शेवंतीनं डरकाळी फोडून पंजा आत ओढला, त्यात अडकून पंजा धरलेला उद्धवरावांचा हात फटीत खेचला गेला. दोन बोटं आतच राहिली.

वाघीण माणसावर उलटली, तिला गोळी घाला, असं बागेच्या समितीत ठरू लागलं. उद्धवराव पट्टी बांधलेला हात घेऊन पुढे झाले.

"चूक माझी हाय, साहेब. मीच हात आत घातला. ती भेली, बस."

डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले.

गोळी टळली. उद्धवरावांना मात्र फाटकावर बसवलं, पिंजऱ्याकडे फिरकायची बंदी. अर्धवट तुटलेलं नख चिघळलं. उद्धवराव रोज बागेच्या साहेबांना सांगायचे आणि "डॉक्टर येतील" एवढंच उत्तर मिळायचं. पिंजऱ्यावरचा नवा माणूस दिसला, की शेवंती फटीतून सुजलेला पंजा बाहेर काढायची. तो काठीनं आत ढकलायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गेली. खड्ड्यात उतरवायला माणसं कमी पडली, तेव्हा उद्धवरावांना हाक आली.

"कामून खोटं बोललात तुम्ही?" घरी बायकोनं, यशोदाबाईंनी विचारलं.

"डॉक्टरचं नाव घेतलं असतं, तर तो पुन्हा आला नसता," ते म्हणाले. मग पुटपुटले, "न्हाई घेतलं, तरी कुठं आला."

दिवाळीनंतर ते भोसरीच्या एका कारखान्यात झाडलोटीला लागले.