भिकाऱ्यांचं जेवण

आमच्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आधी भिकाऱ्यांचं जेवण घालतात. घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने गरिबांना पानावर बसवायचं, घरच्या थोरल्याने स्वतःच्या हाताने वाढायचं आणि त्यांचे हात धुवून होईपर्यंत घरच्यांनी तोंडात घास घालायचा नाही. रीत चांगली आहे. माझा राग रितीवर नाही, आमच्यावर आहे, आणि आमच्यात पहिली मी.

मी दादाकडेच राहते, लग्न केलं नाही. दर रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते. परक्यावर दया करा, हे वीस वर्षं घसा कोरडा करून सांगत आले. गेल्या मे महिन्यात दादाच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा पंचाईत अशी झाली की गावात भिकारीच उरले नव्हते. वहिनी म्हणाली, "मगे काय करूचा? आमचे मेलेले नव. नव पानां तरी होयीच." म्हणून दादा सकाळीच मोठी गाडी घेऊन कुडाळच्या बाजूला एका वृद्धाश्रमात गेला आणि नऊ म्हातारी माणसं भरून घेऊन आला. बिचारी आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून आली होती. कामाने घामेजलेल्या आमच्यापेक्षा तीच पाहुण्यांसारखी दिसत होती.

प्रार्थना झाली, पानांवर भात पडला आणि तेवढ्यात मागच्या बागेतला नेपाळी राखणदार धावत आला. बाग मुंबईच्या मालकाची. हा आणि त्याची बायको दर वर्षी थंडीत येतात, आंबा उतरला की जातात. चार वर्षं मी कुंपणावरून त्यांना बघत होते. त्यांच्या खोपीत कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिचं नाव विचारलं नव्हतं.

"दीदी, गाडी मिलेगा? औरत को साँप काटा।"

पाचोळ्यातले पडलेले आंबे वेचताना तिच्या पायाला फुरसं चावलं होतं. फुरसं काय करतं ते इथे कुणाला सांगावं लागत नाही. विष रक्तात गेलं की हिरड्यांतूनही रक्त येतं आणि माणूस हातचं जातं. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन लांब गेली होती. त्याची बायको उलट्या करत होती, मोटारसायकलवर बसण्यासारखी नव्हती. गाडी एकच होती, आमच्या अंगणात. चावी दादाच्या खिशात, आणि घरात चालवता येणारा तोच.

दादा हातातली पळी न सोडता म्हणाला, "थांबूक सांग तेका. पानार बसलेल्यांका सोडून मी खंय जाव? अर्ध्या तासात काय जाता?"

मी काही बोलले का? नाही. मी त्याहून वाईट केलं. पत्रावळीवर भात, आमटी, दोन वडे घालून त्या माणसाच्या हातात दिले आणि म्हटलं, "बैठो, खा लो।" त्याने गाडी मागितली आणि मी त्याला भात दिला! तो पत्रावळ दोन्ही हातांत धरून दारात उभा राहिला. ती खाली ठेवायचाही त्याला संकोच वाटत होता. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दुसरा भात झाला. मग खीर. मग वहिनीला सुचलं की नवरीला सगळ्यांनी आशीर्वाद द्यायला हवा. चाळीस मिनिटं गेली. शेवटी टोकाच्या पानावरच्या म्हातारीने दारातल्या त्या माणसाकडे बोट करून विचारलं, "तो झिलगो रडता कित्याक?" मी सांगितलं. तिने पान पुढे ढकललं आणि ती उठली.

"आजी, पानावयना उठा नुको," दादा घाबरून म्हणाला. "लग्नाक बरां नाय."

"आमी खंय पळान जातंव रे? ती बाय थंय मरतली आणि तू माका खीर वाढतंस?"

तिने लाज काढली तेव्हा कुठे माझे पाय हलले. मी दादाच्या खिशातून चावी काढून त्याच्या हातावर आपटली. "चल. नायतर मी गाडी ढकलीत नेतंय." बारा वर्षांनी मोठ्या भावाशी मी असं कधी बोलले नव्हते. तो पळी टाकून निघाला.

गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पाय मांडीपर्यंत सुजला होता, ओठांच्या कडेने रक्त येत होतं आणि ती मलाच सारखी म्हणत होती, "माफ करना दीदी, साडी खराब हो गया।" हॉस्पिटलात डॉक्टर ओरडले, "एवढा उशीर का केला?" तिच्या नवऱ्याने मान खाली घातली. "गाडी नहीं मिला, साब।" दादा शेजारीच उभा होता.

ती वाचली. पंधरा दिवस मी रोज पेज घेऊन जात होते, तिचं नाव विचारलं, तिच्या गावच्या गोष्टी ऐकल्या. पायाचं मांस मात्र सडलं आणि कापावं लागलं. तो पाय आता नीट टेकत नाही. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, लवकर आणली असती तर पाय धड राहिला असता.

लग्न थाटात झालं. पुढच्या रविवारी प्रवचनात फादरनी आमच्या घराचं कौतुक केलं. एका परक्या, गरीब बाईसाठी या कुटुंबाने भरल्या मांडवातून गाडी काढली, ख्रिस्ती प्रेम याला म्हणतात, असं ते म्हणाले. वहिनीने डोळे पुसले. दादाने मान लववली. ती दोघं त्यावर खरंच विश्वास ठेवून बसली होती. दोन बाकं मागे माझी धर्मशिक्षणाची मुलं माझ्याकडे बघून कौतुकाने हसत होती.

मी उठले. आमच्या चर्चमध्ये प्रवचन चालू असताना कुणी उठून बोलत नाही.

"फादर," मी म्हटलं, "तिच्या घोवाक आमी चाळीस मिनटां दारात उभो ठेवलंव. त्या चाळीस मिनटांत तिचो पाय निकामी झालो. ह्यां पण सांगा."

दादाने माझा पदर खाली ओढला. मी बसले नाही.