प्रज्ञाच्या उंचीच्या रेघा

मी विज्ञानाचा मास्तर. भानामतीच्या गोष्टी सांगणाऱ्यांची वर्गात यथेच्छ टिंगल केलेला माणूस. त्यामुळे आता माझी टिंगल होणार, हे धरूनच लिहितोय. पण पोटात ठेवून ठेवून झोप उडालीय...

शिरूर कासार तालुक्यातली एक वस्ती, नाव सांगत नाही. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत मी एकटाच शिक्षक होतो. इमारत दगडी, दोन खोल्यांची. गावच्या शाळेत वस्तीतल्या पोरांना दाराबाहेर बसवायचे, म्हणून धम्मदीक्षेनंतर लोकांनी नदीवरून डोक्यावर दगड वाहून ही शाळा उभी केली. वस्तीतल्या किसनआबांनी लहानपणी तिच्या बांधकामाचा चिखल तुडवलेला. पत्रे बदलायचे असोत की चुना मारायचा, पुढाकार कायम त्यांचाच. काळजी एकच होती — पट. एक नाव जरी कमी झालं तरी शाळा बंद आणि इमारत पाडणार, असं वरून स्पष्ट सांगितलेलं.

दिवाळीनंतर निम्मी वस्ती ऊसतोडीला जायची. त्याआधी मी प्रत्येक पोराला एरवी कुलपात असणाऱ्या मागच्या खोलीत भिंतीला उभं करायचो, डोक्यावर पाटी आडवी धरून कोळशानं रेघ मारायचो आणि शेजारी नाव लिहायचो. परत आल्यावर पुन्हा. किती वाढलो ते बघायला पोरं धावत यायची.

आबांची नात प्रज्ञा तेव्हा तिसरीत. आईबापाबरोबर गेली आणि फडातच साप चावून गेली. अंत्यविधी तिकडेच उरकला, नोंद कुठेच झाली नाही. बातमी आली त्या आठवड्यात आबा शाळेत आले.

"पोरगी गेली ती गेली, गुरुजी. नाव ऱ्हाऊ द्या. शाळा तरी वाचंल."

मी नाव ठेवलं. रोज तिला हजर मांडत गेलो. चुकतंय हे कळत होतं, लाजही वाटायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर पोरं परतली. भर दुपारी मापं घ्यायला गेलो, तर प्रज्ञाच्या जुन्या रेघेच्या दोन बोटं वर नवी रेघ! शेजारी तिचं नाव... अक्षर माझंच. त्या खोलीची किल्ली फक्त माझ्याकडे असायची. मी मुकाट्यानं दोन्ही रेघांवर चुना मारला. दिवाळीला बघतो तर चुन्यावर दोन्ही रेघा आणि वर तिसरी. आबांना दाखवलं. ते एवढंच म्हणाले की, रंजनाला कळू देऊ नका. रंजनाताई म्हणजे प्रज्ञाची आई.

पुढच्या उन्हाळ्यात त्या तोडीवरून आल्या आणि मापं चालली होती तेव्हा स्वतःच भिंतीपाशी गेल्या. तोवर रेघा चार झाल्या होत्या. सगळ्यात वरच्या रेघेवर त्यांनी तळवा ठेवला. मी सगळं कबूल केलं, आजच नाव कमी करतो म्हणालो.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "वाढायलीय तर वाढू द्या की."

एक मेला निकाल होता. रंजनाताई धुतलेली साडी नेसून आल्या आणि प्रज्ञाचा दाखला मागितला. चौथी झाली, आता शिरूरला पाचवीत घालते म्हणाल्या. मी तर तिला आणखी एक वर्ष चौथीतच दाखवायचं ठरवलेलं. ओट्यावर आबा होते. त्यांनी हात जोडले, एक वर्ष थांब म्हणून.

"किती दिस तिला हितंच बसवून ठेवता, आबा?"

आबांनी जोडलेले हात सोडले. मी दाखला लिहिला. शाळा सोडण्याच्या कारणापुढे लिहिलं, 'पुढील शिक्षणासाठी'.

जूनमध्ये शाळा बंद झाली, माझी बदली झाली. इमारत पाडायचा कागद निघालाय. आबा माझा फोन उचलत नाहीत. रेघा मीच भ्रमात मारल्या की आणखी कुणी, हे मला आजही सांगता येत नाही. खूप डोकं खाजवून झालं.

त्या दिवशी दाखला पिशवीत ठेवून रंजनाताई निघाल्या, आणि दारातून परत फिरल्या.

"गुरुजी, बसमधी माझं अर्धं तिकीट लागतंय. हिचं बी अर्धंच काढू ना?"

"हो," मी म्हणालो, "अर्धंच काढा."