नवलेरी रडणार नाही

लोहारा गावाच्या अलीकडे नाल्याकाठी जो तांडा होता, त्यात भुरीबाईचं नाव वाईट होतं. तिनं कुणाचं कोंबडं चोरलं नव्हतं की कुणाचं घर फोडलं नव्हतं. स्वतःच्या लग्नात ती रडली नव्हती, एवढाच काय तो तिचा गुन्हा.

बंजाऱ्याच्या पोरीनं सासरी जाताना रडायचं असतं, आणि तेही डोळ्याला पदर लावून मुळूमुळू नव्हे. एकेकाच्या गळ्यात पडून, सुरात, आईबापाचं, भावाचं, गुरावासरांचं नाव घेत ढावलो गायचा. शेवटी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं राहून, दोन्ही हात वर करून साऱ्या तांड्याचा निरोप घ्यायचा. बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख हिंडायचे दिवस कधीच संपले होते, लोक नांगर धरायला लागले होते, पण बैलाचा हा मान कुणी काढून घेतला नव्हता. जी नवलेरी, म्हणजे नवरी, अशी रडणार नाही, ती सासरचं घर बुडवणार, हे सगळ्यांना पाठ होतं.

भुरीबाई रडली नाही त्याचं कारण होतं तिची थोरली बहीण सुखी. भुरी बारा-तेरा वर्षांची असताना सुखी बैलावर उभी राहिली, हात वर केले, चार ओळी गायली आणि खाली कोसळली. उचलली तेव्हा जीव गेलेला होता. सोळा वर्षांची धडधाकट पोर! तांड्यानं त्यावर डोकं चालवलं आणि निदान केलं, की पोरगी पुरेशी रडली नाही. रडू आतल्या आत अडकलं आणि काळीज फुटलं. उपायही लगेच निघाला. या घराण्याच्या पोरींना लग्नाआधी दोन महिने रडण्याची तालीम द्यायची, म्हणजे सगळं रडू मोकळं होईल. ढावलो शिकवणारी लालीबाई हे काम मनापासून करायची. पोरीला समोर बसवायची, मेलेल्या आजीपासून आठवण काढायची, आणि पोर हुंदके देऊन थकली की म्हणायची, "अजून आहे आत. काढ बाहेर."

भुरीनं ते पाहिलं होतं. सुखी रडली नाही म्हणून मेली, हे तिला पटलंच नाही. सुखी तर जीव तोडून रडत होती. भुरी खाली उभी राहून ऐकत होती ना! म्हणून स्वतःच्या वेळेला ती बैलावर चढलीच नाही. कोरड्या डोळ्यांनी नाला ओलांडून पलीकडच्या तांड्यात उत्तमसिंगच्या घरी चालत गेली. तेव्हापासून तिला दोन्ही तांड्यांत दगड म्हणत. दगडाच्या छातीत काय चालतं ते मात्र कुणाला माहीत नव्हतं. कधी घडा उचलताना, कधी कुत्रं एकदम भुंकलं तर तिच्या छातीत फडफड सुरू व्हायची, डोळ्यांपुढे काळोख यायचा, हातपाय गार पडायचे. अशा वेळी ती जागच्या जागी उभी राहायची आणि काळजाला दात-ओठ खाऊन शिव्या द्यायची. ते थांबलं की पुन्हा घडा उचलायची. तिला भीती वाटायची, खूप वाटायची. पण भीती बोलून दाखवायची तिची रीत नव्हती.

ज्या वर्षी यवतमाळ मुंबई राज्यात गेलं, त्या वर्षी तिच्या चुलत भावाची पोरगी गेली. तशीच, बैलावर, दोन महिन्यांची तालीम होऊन. लालीबाई मयतीत म्हणाली, "तीन महिने पाहिजे होते." भुरीबाईनं तिथंच तिच्या हातातला लोटा हिसकून फेकला. तांडा म्हणाला, दगड तो दगडच.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी भुरीबाईच्या बसंतीचं लग्न ठरलं. पोरगी सतरा वर्षांची, बोलकी, आवाजाची गोड. लालसिंगची सून होणार होती, घर खाऊनपिऊन सुखी. लग्नाला महिना उरला असताना बसंती सडकेवरून जळतण घेऊन येत होती. मागून मोहिउद्दीन मिस्त्रीची लॉरी आली. त्याच्या भोंग्याचा आवाज सगळ्या परिसराला ठाऊक होता. भोंगा वाजला, मोळी सडकेवर आणि पोरगी मोळीवर. मोहिउद्दीन घाबरून खाली उतरला. तोंडावर पाणी मारलं तेव्हा बसंतीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "छातीत कायतरी फडफडलं."

त्यानं तिला घरी आणून सोडलं, तेव्हा भुरीबाईनं ते शब्द ऐकले आणि ओळखले. ती मोहिउद्दीनला म्हणाली, "तुह्या भोंग्यानं पडली, आता तूच दवाखान्यात ने." त्यानं बिचाऱ्यानं यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरनं छाती तपासली, नागपूरची चिठ्ठी दिली, आणि त्याच्याच लॉरीत कापसाच्या गाठींवर बसून मायलेकी नागपूरलाही गेल्या.

नागपूरच्या दवाखान्यात काळजाची चाल कागदावर उतरवणारं यंत्र होतं. डॉक्टर म्हणाला, आईचाही कागद काढू. पट्ट्या बांधायला मनगटं मोकळी हवीत, हातभर बांगड्या उतरवा. भुरीबाई टेबलावर उठून बसली.

"नवरा जिता हाये माहा. मेल्यावर उतरोतेत ह्या."

"बाई, दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांसाठी त्याले मारू का मी?"

डॉक्टर तरुण होता, हसला. कोपराजवळ चार बोटं कातडं मोकळं होतं, तिथं पट्टी बांधली. कागद निघाले. तो बराच वेळ दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघत राहिला, मग त्यानं घरात कोण कसं गेलं ते विचारलं. भुरीबाईनं दोन्ही पोरींचं सांगितलं.

"दोघींच्या कागदावर एकच खोट दिसते," तो म्हणाला. "ठोका पडल्यावर काळीज सावरायला जास्त वेळ घेतं. घराण्यातूनच आलेलं असावं. याचं नाव मला माहीत नाही, आणि खात्रीचं औषध आहे असं खोटं सांगणार नाही. पण एकदम दचकवू नका, पळवू नका. आणि तुम्ही सांगता तसं ऊर फुटेस्तोवर रडवू नका. पोरीलाही आणि स्वतःलाही सांभाळा."

"रडवू नका म्हटलं का तुमी? पुन्हा म्हणा."

त्यानं पुन्हा म्हटलं. इतक्या वर्षांचं आपलं खरं निघालं म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. तिला झाला तो संताप. सुखीला रडवून मारलं होतं, भावाच्या पोरीला शिकवून शिकवून मारलं होतं, आणि ती तोंड मिटून दगड म्हणवून घेत बसली होती.

घरी उत्तमसिंग हात जोडून म्हणाला, "हे कोणाले सांगू नको. सोयरीक मोडन. मंग कोण करीन पोरीले?"

"आणि नाई सांगितलं तं लालीबाई उद्या येऊन बसन रडवाले. मोडली तं मोडू दे. पोट्टी घरी म्हातारी झाली तरी चालन मले, बैलावरून नाई पडली पाहिजे."

पंच बसले तेव्हा तिनं सगळं उभं राहून सांगितलं: सुखीचं, भावाच्या पोरीचं, भोंग्याचं, आपल्या स्वतःच्या फडफडीचंही. बायांनी तोंडाला पदर लावले. लालीबाई म्हणाली, "म्हंजे म्या मारल्या?" भुरीबाई म्हणाली, "आपण साऱ्याईनं मारल्या. मीही चूप होती." मग सगळे लालसिंगकडे पाहायला लागले. तो जाड मिशांचा माणूस उठून उभा राहिला.

"डाक्तरचं मले समजत नाई," तो म्हणाला. "पोरगी चांगली हाये, पोराले पसंत हाये. पण ढावलो झाल्याशिवाय नवलेरी माह्या घरी येणार नाई. आजपावतो आली नाई."

काळजाच्या रोगाला माणूस भ्याला नाही आणि अपशकुनाला भ्याला! उत्तमसिंगनं डोकं धरलं. भुरीबाई मात्र म्हणाली, "होईन ढावलो. पण तालीम नाई. लालीबाईनं माह्या दारात पाय ठेवाचा नाई." आईनं माघार घेतली असं समजून बसंती दोन दिवस जेवली नाही.

लग्न लागलं. निरोपाच्या दिवशी सकाळी बैल सजवून आणला. बसंती पांढरीफटक पडली होती. भुरीबाईनं तिला हाताला धरून बैलापाशी आणलं, बाजूला उभं केलं, आपल्या फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, घोळ कमरेला खोचला आणि स्वतः बैलावर चढली. अडतीस वर्षांची बाई, केसांत पांढरं!

एकच गलका झाला. लालीबाई ओरडली, "नवलेरीनं म्हणा लागते!"

"माहा राह्यलाय, तेवीस वर्साचा. आधी जुना फिटू दे."

बसंती बैलाच्या गळ्याला बिलगली. "याडी, माय, उतर खाली! डाक्तरनं तुले बी सांगितलं हाये."

"तू रडू नको. तू रडली तं मी फुकटची चढली."

भुरीबाईनं दोन्ही हात वर केले. आवाज तिचा पहिल्यापासून भसाडा, त्यात सूर म्हणून नव्हता. ढावलोत नवलेरी सगळ्यांचं गुणगान करते, हिनं एकेकाचा हिशेब चुकता केला. लालीबाईच्या तालमीला धरलं, दगड म्हणणाऱ्या जावांना धरलं, उत्तमसिंगच्या घोरण्यालाही सोडलं नाही. मग सुखीचं नाव आलं आणि तिथं तिच्या छातीत फडफड सुरू झाली. गाणं थांबलं. ती बैलाच्या पाठीवर मटकन बसली. बसंतीनं आईचा पाय घट्ट धरला होता, ओठ दाताखाली दाबला होता, पण डोळ्यातून टिपूस येऊ दिला नाही. भुरीबाई डोळे मिटून पुटपुटत होती. काय पुटपुटत होती ते बसंतीला जवळून ऐकू आलं, आणि त्या शिव्या इतक्या झणझणीत होत्या, की पोरगी भर निरोपात खुदकन हसली. मग तिला आवरेना.

"अवं माय, नवलेरी हसून राह्यली!" बायांनी कपाळाला हात लावला. लालसिंगच्या मिशा ताठ झाल्या.

भुरीबाईनं डोळे उघडले. घामानं चिंब झालेल्या त्या बाईनं वरूनच लालसिंगला सांगितलं, "ढावलो झाला तुमचा, आता हसू द्या तिले. माह्यामागं आमच्या घरची पयली पोट्टी हाये, जी बैलापासून आपल्या पायानं जाऊन राह्यली."

आणि बसंती हसत हसत चालत सासरी गेली.